घंटागाडीचा केक

आत्या, सोऱ्या सापडला.

तुझा तो पितळी, जड, दिवाळीत चकल्या पाडायचा. मधले तीन-चार दिवस मी त्याच्यासाठी घर पालथं घातलं. माळा पाहिला, दिवाणाखाली पाहिलं, गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. तुझा लेक विलास म्हणाला, "तेरावा होऊन दोन दिवस नाही झाले, आणि तुला चकलीचा सोऱ्या कशाला पाहिजे?" त्याला काय सांगणार! कुठे सापडला ते तुला सांगते, पण एकदम नाही. तू म्हणायचीस ना, "सुमे, तुझं सांगणं म्हंजे लोह्याची बस हाय, दर फाट्यावर थांबतीस." तशीच थांबत थांबत सांगते. आता तुला तरी कुठे घाई आहे.

आज सतरावा दिवस. काल आपली आरू सहा वर्षांची झाली.

ऑफिसात रजेचा अर्ज लिहिताना 'सासूबाई वारल्या' असं लिहिलं आणि वाचताना वाटलं, हे कुणाबद्दल लिहिलंय. सासू तू नंतर झालीस. आधी माझ्या वडिलांची बहीण, माझी आत्या. आपल्याकडे आत्याच्या घरी भाची द्यायची रीत, म्हणून मी लोह्याहून नांदेडला तुझी सून होऊन आले. लग्नानंतर सगळ्यांनी बजावलं, आता अहो-जाहो कर. मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी तूच वैतागलीस. "तू अहो म्हणलीस की मला वाटतं माझ्यामागं आणखी कुणी उभं हाय." तेव्हापासून तू 'तू'च राहिलीस, आणि भांडणंही आपली सासू-सुनेची कधी झाली नाहीत. आत्या-भाचीची झाली. ती जास्त लागतात.

आधी दहाव्याचं सांगते, कारण तिथून माझा जीव जो टांगणीला लागला तो कालपर्यंत तसाच होता.

गोदावरीच्या घाटावर पायरीवर पाय ठेवता येत नव्हता इतकं ऊन. मे महिना तो. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे होते, नव्हते असं नाही. समोरच्या लिंबावर पाच-सहा बसले होते. एक तर तारेवर बसून चोचीने पंख साफ करत होता, आपलं काही कामच नाही असा. एकही खाली येईना. तुझा लेक हात जोडून म्हणाला, "आई, आरूला चांगलं शिकवू." कावळा हलला नाही. "थोरल्या काकाला अंतर देणार नाही." नाही. मग लोह्याच्या थोरल्या मायने, तुझ्या थोरल्या जावेने, पुढे होऊन सांगितलं, "बाई, तुझ्या पाटल्या सुमनलाच जातील. कशात जीव अडकू देऊ नको." तरी नाही. लोक घड्याळं बघायला लागले, लेकरं पाण्याला रडायला लागली.

आणि मला ठाऊक होतं, आत्या. तुझं काय राहिलंय ते तिथे एकट्या मला ठाऊक होतं. पण चाळीस माणसांत, डोक्यावर पदर घेऊन, कसं म्हणू की 'आत्या, मी आरूला कचऱ्याच्या गाडीचा केक करून देईन'? ओठांपर्यंत आलं होतं. मी दादांकडे, तुझ्या भावाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि गिळलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि सगळे पाय धुवायला गेले. जाताना मी वळून पाहिलं. पिंड तसाच होता.

मी फार देवभोळी नाही. कॉलेजच्या ऑफिसात बसते, पोरांचे दाखले काढते, कावळ्याला काय कळतं हे मलाही कळतं. पण त्या दिवसापासून भाजी चिरताना, आरूची वेणी घालताना, एकच, की वाढदिवस जवळ येतोय आणि बोलायच्या वेळी मी बोलले नाही. तू असतीस तर हसली असतीस. "सुमे, तू जेवताना बी उद्याच्या सैपाकाची काळजी करतीस. ताटातलं तरी खा."

घंटागाडीचं वेड आरूला तुझ्यामुळे लागलं, हे तरी मान्य करशील की नाही? रोज सकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी ते स्वच्छतेचं गाणं वाजलं की तू एका हातात कचऱ्याची बादली आणि कडेवर आरू घेऊन जिना उतरायचीस. "थांब रे बाबा, आले आले!" ती चालायला लागली तशी बादली तिच्या हातात आली. ड्रायव्हर तिला गाडीला टांगलेली घंटी वाजवू द्यायचा. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा, हे तिला रंगांची नावं नीट यायच्या आधी कळत होतं. मोठी होऊन काय होणार, असं पाहुण्यांनी विचारलं की शेजारची पोरं डॉक्टर म्हणायची आणि आपली म्हणायची, "घंटागाडीवाली." तू खूश व्हायचीस. मी चहा आणायला आत जायचे.

तर पाडव्याच्या सुमारास तिने जाहीर केलं की या वाढदिवसाला केक घंटागाडीचा पाहिजे. मी फोनवर बाहुलीचा केक शोधून ठेवला होता, मधोमध बाहुली उभी आणि केकचा घेरदार झगा. तुला दाखवला. तू चष्मा लावून बराच वेळ पाहिलास आणि म्हणालीस, "वाढदिवसाला बाहुलीच्या पोटात सुरी खुपसायची का?"

"आणि कचऱ्याच्या गाडीत खुपसायची? आत्या, लोक काय म्हणतील?"

"पावणे खायला येतेत, बगायला न्हाई. लेकराला गाडी पायजे, गाडी करू. तू कामून इतकी घाबरून राहिलीस?"

"तुला येतो का गाडीचा केक?"

"चकली तरी कुठं येत होती, शिकले का न्हाई?"

आणि तू आरूला जवळ घेऊन तिच्या डोक्यावर हात ठेवलास. "आजी करणार. घंटीसकट." मला तुझा तेव्हा रागच आला. लेकराला शब्द देऊन मोकळी झालीस, आता निभवायचं कुणी?

खरं तर माझी धास्ती उगाच नव्हती. आरूच्या पहिल्या वाढदिवसाचा केक आठवतो ना? खालच्या फरजाना भाभीकडून तू कुकरचा केक शिकून आली होतीस. तळाला मीठ, शिट्टी काढलेली, रिंग काढलेली, आणि अंड्याऐवजी अर्धापूरची पिकून काळी पडलेली केळी. केक फुलला छान. मग क्रीमची फुलं काढायला तुझ्याकडे काही नव्हतं, तर तू माळ्यावरचा सोऱ्या काढलास. चकलीची चांदणीची चकती लावलीस, क्रीम भरलंस, आणि काय सुंदर फुलं पडली! सगळी गल्ली बघायला आली. पण सोऱ्याच्या कडांना दिवाळीची भाजणी बसलेली होती, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. पहिला घास घेतला आणि विलासचा चेहरा असा झाला की मी घाबरून पाणी आणलं. केकला ओव्याचा वास! तू शांतपणे म्हणालीस, "ओवा पचनाला चांगला." पुढच्या प्रत्येक वर्षी तू सोऱ्या चिंचेने घासायचीस आणि प्रत्येक वर्षी आम्ही आधी वास घ्यायचो.

आता जे लिहायचंय ते मला लिहवत नाही, पण लिहिते.

तू जाण्याच्या तीन आठवडे आधी तुझ्या शुगरचा रिपोर्ट आला. आकडा पाहून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे नाही, जसं काही ती माझी शुगर होती. त्याच आठवड्यात मी ऑफिसातून आले तर तुझ्या पदराला क्रीम लागलेलं. पांढरं, चिकट, गोड वासाचं. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा निम्म्याने उतरलेला. केळी गायब. माझं डोकं फिरलं. "आत्या, तुला शुगर आहे, आरूला कळतं ते तुला कळत नाही? चोरून खातेस? उद्या काही झालं म्हणजे दवाखान्यात मीच पळायचं ना?" आणखीही बोलले. ते तुला आठवत असेल, मला पुन्हा लिहायची ताकद नाही. साखर उचलली, गूळ उचलला, लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली पर्समध्ये टाकली. आरू दारात उभी राहून ऐकत होती.

तू काहीच बोलली नाहीस. तू, जी चहात पत्ती कमी पडली तरी तीन वाक्यं ऐकवायचीस. फक्त इतकंच म्हणालीस, "ठेव बाई कुलपात. साखरच काय, मलाबी ठेव."

नंतर दोन दिवसांनी आपण पुन्हा बोलायला लागलो, गवार महाग झाली, पाणी किती वाजता येणार, असलं. मी 'चुकलं माझं' म्हणाले नाही. मला वाटायचं माझं चुकलेलंच नाही. आणि मग ती दुपार आली. मी साडेपाचला घरी आले, तू दिवाणावर पंख्याखाली कुशीवर, आणि आरू तुझ्या उशाशी मांडी घालून बसलेली. म्हणाली, "मम्मी, आजी उठूनच नाही राहिली." डॉक्टर म्हणाले, शुगर असली की छातीत दुखल्याचंही कधी कधी कळत नाही. म्हणजे तुला कळलंच नाही, असं मी स्वतःला सांगते. पण मग लगेच वाटतं, कळलं असेल आणि कुणाला हाक मारावी म्हणून तू माझं नाव घेतलं असशील. की नसशील घेतलं?

थोरली माय तेराव्यानंतर आमच्याकडेच राहिली. आरूचा वाढदिवस दोन दिवसांवर आला तेव्हा मी घाबरत घाबरत तिच्यापाशी केकचा विषय काढला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वरीस होईस्तोवर ह्या घरात गोडधोड करायचं न्हाई. माहीत हाय ना तुला?"

"केक तळायचा नसतो, माय. कढई नाही चढवायची. कुकरात—"

"कुकर असू दे न्हाईतर बंब असू दे." मग थोडं थांबून, माझ्याकडे पाहून म्हणाली, "करायचं चालत न्हाई. आलेलं चालतं. शेजारीण-पाजारीण लेकरासाठी काही घेऊन आली, तर आपून काय तिला दारातून परत लावणार हाव का?"

मी तिच्या पाया पडायच्या बेतात होते. तशीच जिना उतरून फरजाना भाभींकडे गेले. दारातच एका दमात सगळं सांगितलं, कावळ्याचं सोडून. तुमच्या घरात करू द्याल का, सामान माझं, मेहनत माझी, फक्त घर तुमचं. फरजाना भाभी ओढणी सावरत आत गेल्या. मला वाटलं नाही म्हणणार. फ्रिजचा वरचा कप्पा उघडल्याचा आवाज आला आणि त्या बाहेर आल्या. त्यांच्या हातात तुझा सोऱ्या. पांढरा झालेला, बर्फाचा थर चढलेला.

"अम्मांनी ठेवायला दिला होता," त्या म्हणाल्या. "बोलल्या, काढू नको फरजाने, थंडा राहू दे. पितळ थंडं असलं की क्रीम उभं राहतं. मी काढलाच नाही, भाभी. मटण ठेवायला जागा नव्हती तरी नाही काढला."

मी तिथेच पाटावर बसले. मग एकेक करून त्यांनी सगळं माझ्यापुढे मांडलं. विलासचा शाळेतला ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा, जो कुकरात बरोब्बर बसतो. हिरव्या आणि निळ्या रंगाच्या पुड्या. आणि कागदाच्या पुडीत आरूच्या वाळ्यातलं घुंगरू, जे दोन वर्षांपूर्वी गळून पडलं म्हणून मी घरभर शोधलं होतं. ते तू कधी उचललंस आणि कुठे ठेवलं होतंस, ते तुझं तुलाच ठाऊक.

"तुम्ही ऑफिसला गेल्या आणि आरू दुपारी झोपली की अम्मा खाली यायच्या," फरजाना भाभी सांगत होत्या. "तीन वेळा केला. पहिला बसला. दुसऱ्याचा हिरवा रंग असा झाला की माझी पोरं खाईनात, बोलली शेवाळ आहे. तिसरा भारी झाला होता. फक्त चाकं मऊ पडली. बिस्किटं लावली होती ना. मग मी बोलले, अम्मा, नानखटाई लावा, आणि एकदम शेवटी लावा. अम्मा बोलल्या, आता मला आला, आता सुमीला दाखवते."

साखर कुठे गेली, केळी कुठे गेली, पदराला क्रीम कसं लागलं, ते मला कळलं. कुलूप लावल्यावर साखर फरजाना भाभींच्या डब्यातून येत होती. मी तुला ज्या दिवशी नाही नाही ते बोलले, तो दुसऱ्या केकचा दिवस होता, शेवाळाचा. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतंस, सुमे, पोरीसाठी करून राहिले. का नाही म्हणालीस? आरू दारात उभी होती म्हणून? तिला आधी कळू नये म्हणून? एवढ्यासाठी तू माझ्या शिव्या खाल्ल्यास?

मला एक विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. तरी विचारलं. "भाभी, खरं सांगा. खायच्या का त्या?"

फरजाना भाभींनी खाली पाहिलं. मग त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. "खोटं कशाला बोलू. चमचा चाटायच्या. दर वेळी. तिसऱ्या वेळी तर कोपऱ्याचा एक तुकडा खाल्ला. बोलल्या, सुमीला सांगू नको, ती माझ्या काळजीनं वाळून चाललीय."

आत्या, मी रडले आणि तिथेच हसलेही. म्हणजे मी पण खरी होते, तू पण खरी होतीस. तू करतही होतीस आणि चाटतही होतीस. हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं? ओरडलेच असते, खोटं नाही बोलत. पण कुलूप नसतं लावलं.

काल ऑफिसातून अर्धी रजा घेतली. दुपारी एकला फरजाना भाभींच्या ओट्याशी उभी राहिले. सोऱ्या आधीच चिंचेने घासून, तीन वेळा वास घेऊन पुन्हा बर्फात ठेवला होता. केळी कुस्करली, मैदा दोनदा चाळला, तुझ्या मापाने, वाटीने, कारण फरजाना भाभी म्हणाल्या अम्मा ग्रॅम-बीम काही मानत नव्हत्या. कुकरवर झाकण ठेवल्यापासून दर पाच मिनिटांनी मी झाकणाला कान लावत होते. कशाचा आवाज येणार होता देव जाणे. "भाभी, बसा," त्या म्हणाल्या. मी बसले आणि पुन्हा उठले.

केक फुलला. पण क्रीम फेटायला घेतलं आणि लाइट गेली. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल. भांड्याखाली बर्फ, बर्फाखाली परात, आणि आम्ही दोघी आळीपाळीने हाताने फेटतोय. मी मनात तुला सगळं बोलून घेतलं. कुणी सांगितलं होतं मे महिन्यात क्रीमचा शब्द द्यायला? खांदा भरून आला. क्रीम ताकासारखं पातळ, तसंच. मला तारेवरचा तो कावळा दिसायला लागला. जमणार नाही, आत्या, मी म्हणाले, बहुतेक मोठ्याने म्हणाले, कारण फरजाना भाभींनी माझ्या हातातलं भांडं घेतलं. "अम्मांचंही एकदा असंच झालं होतं. त्यांनी काय केलं माहीत आहे? शिव्या दिल्या आणि आणखी फेटलं."

शिव्या मी मनातल्या मनात दिल्या. आणखी अर्ध्या तासाने क्रीम उभं राहिलं.

डब्याच्या आकाराचा केक अर्धा कापून पुढची केबिन केली, मागे दोन डबे. एक हिरवा, एक निळा. हिरवा किंचित शेवाळासारखाच झाला. फ्रीजरमधला सोऱ्या हातात घेतला तर तळवे बधिर झाले, पण चांदण्या पडल्या, एकेक टोकदार, तुझ्यासारख्या नाहीत पण पडल्या. नानखटाईची चार चाकं एकदम शेवटी. समोर, काडीला बांधून, घुंगरू.

पाच वाजता फरजाना भाभींनी ट्रे उचलला, कारण 'आलेलं' चालतं, आणि मी रिकाम्या हाताने मागून जिना चढले. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला घुंगरू वाजत होतं आणि एक चाक सरकत होतं. थोरल्या मायने दार उघडलं, ट्रे पाहिला, आणि जणू तिला काहीच माहीत नव्हतं अशी म्हणाली, "अगं बया, हे काय आणलंस फरजाना?" तुझ्या जावेला नाटकात घालायला पाहिजे होतं.

आरू आली. केकपुढे उभी राहिली.  हसेना. गोल फिरून मागून पाहिलं, चाकं पाहिली, डबे पाहिले.   मग ती वळली आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली.  आवडला नाही, मी मनात म्हणाले, तुझ्या हातचा नाही हे तिला कळलं.

ती परत आली ती कचऱ्याची बादली घेऊन. दोन्ही हातांनी धरून, ट्रेच्या पुढे उभी राहून ओरडली, "थांब रे बाबा, आले आले!"

तुझाच आवाज, आत्या. तुझाच हेल. विलास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. थोरली माय हसता हसता खाली बसली. आरूने बोटाने घुंगरू वाजवलं, आधी ओला, मग सुका, अशी बादली दोन्ही डब्यांना दाखवली, आणि मगच सुरी हातात घेतली.

पहिला घास तिने मला दिला. मी आधी वास घेतला, सवयीने. ओव्याचा वास नव्हता. आणि तो यायला हवा होता असं मला वाटलं.

मग बाबाचा, थोरल्या मायचा, फरजाना भाभींचा घास झाला, आणि आरू म्हणाली, "आता आजीचा."  मी सुरी घेऊन कापायला वाकले तर तिने माझं मनगट धरलं. "मम्मी, बारका दे. आजीला शुगर आहे."

शब्द माझे होते. आवाज खाली आणून, बजावून सांगितल्यासारखे, त्या दिवशी दारात उभं राहून ऐकलेले. मला वाटलं होतं ती विसरली असेल.

मी अख्खा हिरवा डबा कापला. खालच्या केकसकट, चांदण्यांसकट. आरू डोळे मोठे करून बघत राहिली. ताटलीत घातला आणि गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. थोरली माय मागून म्हणाली, "थांब की जरा, कावळा येतो का बगू." मी थांबले नाही. तिला हाताला धरून आत आणलं आणि गॅलरीचं दार लोटून घेतलं. कुणी बघत असलं की तू खायची नाहीस, एवढं मला आता ठाऊक झालंय.

आता सकाळ झालीय. घंटागाडी येऊन गेली, आरू बादली घेऊन एकटी उतरली होती, मी जिन्यात उभी होते. गॅलरीचं दार अजून उघडलेलं नाही. कपाटाची किल्ली पर्समधून काढून मी खिळ्याला टांगली.

सावकाश खा, आत्या. मी बघत नाही.